कॉरिडॉरमधली सहा मिनिटं: वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी या पानावर मी सहा मिनिटं चालायच्या टेस्टबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार) किंवा फुफ्फुस आकसलेल्या पेशंटला हॉस्पिटलच्या सपाट कॉरिडॉरमधे सहा मिनिटं चालायला लावतात आणि किती मीटर झालं ते लिहून ठेवतात, ती टेस्ट. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की आजचं पूर्ण पान त्यालाच देतेय. मी फिजिओथेरपिस्ट, रोजचं काम छातीच्या पेशंटबरोबरच, आणि माझे वडील यंत्रमागावर आयुष्य घालवून शेवटी दम लागण्यानं हैराण झालेले, त्यामुळे हा विषय माझ्या घरातलाच आहे. पत्रांतली नावं काढलीत, बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.

अशोक चौकातून एक वाचक: ताई, आमचे अप्पा ६६ वर्षांचे, ३५ वर्षं यंत्रमाग कारखान्यात होते, आता सीओपीडी हाय. रिहॅबच्या (दम लागणाऱ्यांच्या व्यायामाचा कार्यक्रम) आधी त्यांची चालायची टेस्ट झाली, ३१० मीटर आलं. मग दोन महिने आठवड्यातनं तीनदा मी त्यांना घेऊन गेलो, रिक्षाचं भाडं, माझा खाडा, सगळं सोसून परत टेस्ट केली तर ३१५. पाच मीटर फक्त! अप्पा म्हणतात बास आता, पैसे वाया. पण घरी तर ते आता जिना मधे न थांबता चढतात, मग हे कसं काय? दुसऱ्या वेळी टेस्ट दुसऱ्या बिल्डिंगमधे झाली, तिथला पॅसेज लहान होता, एवढं आठवतंय.

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे आणि ते तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं, कारण बरेच जण हे सांगतच नाहीत. या टेस्टचा कॉरिडॉर ३० मीटरचा असावा असं ठरलेलं आहे, दोन्ही टोकांना शंकूसारखे कोन ठेवतात आणि पेशंट त्याला वळसा घालून येरझाऱ्या मारतो. आता हिशोब करा. ३० मीटरच्या कॉरिडॉरमधे ३०० मीटर चालायचं तर ९ वेळा वळावं लागतं. तेच १० मीटरच्या पॅसेजमधे २९ वेळा. प्रत्येक वळणाला माणूस हळू होतो, पाय जुळवतो, वळतो, परत वेग पकडतो, आणि ज्याला दम लागतोय त्याला तो परत वेग पकडणंच जड जातं. लहान पॅसेजमधे ३१५ करणारे अप्पा मोठ्या कॉरिडॉरमधे किती करतील ते मी इथून सांगू शकत नाही पण ३१५ पेक्षा जास्तच करतील असं मला वाटतं. आधीचा आकडा एका जागेचा, नंतरचा दुसऱ्या जागेचा, तर वजाबाकी करायचीच नाही. पहिल्या जागी परत टेस्ट करून मागा, हक्कानं मागा.

दुसरं म्हणजे, पहिल्या वेळी त्यांना एकदाच चालवलं का दोनदा? हे विचारा. माणूस दुसऱ्यांदा चालला की जास्त चालतो, तब्येत तीच असली तरी, कारण काय करायचंय ते आता त्याला माहीत झालेलं असतं, भीती गेलेली असते. हा फरक सरासरी २६ मीटरच्या आसपास निघतो. म्हणूनच दोन टेस्ट घ्यायच्या, मधे अर्धा तास बसवायचं, आणि दोन्हीतला चांगला आकडा धरायचा असा नियम आहे, २०१४ साली युरोप आणि अमेरिकेच्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून लिहून ठेवलेला. गर्दीच्या ओपीडीत एकच घेतात, मला त्यांची अडचण कळते, पण मग तो आकडा कच्चा आहे हे पेशंटला सांगितलं तरी पाहिजे.

आणि किती वाढ झाली की खरी म्हणायची? साधारण ३० मीटर. म्हणजे एक कॉरिडॉर जास्त. त्याच्यापेक्षा कमी असेल तर ती खरी सुधारणा आहे की त्या दिवशीचा मूड ते सांगता येत नाही. पण दादा, न थांबता जिना चढणं ही पण टेस्टच आहे की, आणि ती अप्पा रोज पास होतायत. रिहॅब बंद करू नका. अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, सूताच्या धुळीनं छाती धरणाऱ्यांना पूर्वी सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की जास्त त्रास व्हायचा, ती त्या आजाराची खूणच आहे. अप्पांना विचारून बघा, तसं होत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा आणि किती वर्षं कुठल्या खात्यात काम केलं ते केसपेपरवर लिहून घ्या.

विडी घरकुलमधून एक मावशी (मुलीनं लिहून पाठवलंय): मी विड्या वळते, लग्नाच्या आधीपासून. बिडी सिगरेट कधी ओढली नाही, पण चूल फुंकून फुंकून छाती गेली असं डॉक्टर म्हणाले. मला कॉरिडॉरमधे चालायला लावले. सगळी माणसं बाकड्यावर बसून बघत होती, साडीत पाय अडकत होता, चप्पल सटकत होती, मी दोनदा भिंतीला टेकून थांबले. २४० आलं. मी नापास झाले का?

मावशी, या टेस्टमधे नापास नावाचा प्रकारच नाही. थांबायला परवानगी असते, भिंतीला टेकायला असते, खुर्चीवर बसलात तरी चालतं, फक्त घड्याळ थांबत नाही. दम गेला की परत चालायला लागायचं. आणि तुम्ही कितव्या मिनिटाला थांबलात, किती सेकंद थांबलात हे पण लिहायचं असतं, कारण औषध लागू पडलं की पुढच्या वेळी थांबणं एकदाच होईल किंवा होणारच नाही, आणि तो फरक नुसत्या मीटरमधे दिसत नाही. तुम्ही थांबून परत चाललात, सोडून दिलं नाहीत, हे मी तुमच्या जागी असते तर अभिमानानं सांगितलं असतं.

पण साडी आणि चपलेचं तुम्ही म्हणता ते अगदी खरंय आणि याच्यावर कुणीच बोलत नाही. कपडे सैलसर आणि पायात धरून बसणारी चप्पल किंवा बूट, हे आधी सांगायला पाहिजे, अपॉइंटमेंट देतानाच. पुढच्या वेळी पंजाबी ड्रेस घालत असाल तर तो घाला, नसाल तर साडी थोडी वर खोचून नेसा, पट्ट्याची सँडल घाला आणि पुढच्या प्रत्येक टेस्टला तेच घाला. हातात काठी धरत असाल तर काठीसकट चाला. थोडं खाऊन जा, उपाशी जाऊ नका. रोजचा पंप रोजच्या वेळी ओढा आणि किती वाजता ओढला ते सांगा. टेस्टच्या आधी दोन तास पाणी भरणं, कपडे आपटणं असली दमवणारी कामं नकोत, आणि तिथे गेल्यावर दहा मिनिटं शांत बसून मगच उभं राहायचं. आणि बघणाऱ्यांचं म्हणाल तर कॉरिडॉर मोकळा करून द्या, मला सगळ्यांसमोर जमत नाही, असं सरळ सांगायचं. लाजेनं माणूस हळू चालतो आणि ते हळू चालणं फुफ्फुसाच्या नावावर जमा होतं.

चूल अजून चालू असेल तर मात्र मला काळजी आहे. गॅस असून भाकरी चुलीवरची चांगली लागते म्हणून चूल ठेवलेली मी खूप घरांत बघते. ज्या घरात दम्याचं माणूस आहे त्या घरात नको.

जुळे सोलापुरातून निवृत्त शिक्षक: माझा आकडा ३४० आला आणि मी वाचलं की ३५० च्या खाली असेल तर आयुष्य कमी. झोप उडाली आहे.

सर, ३५० हा आकडा कुठून आला ते आधी सांगते म्हणजे झोप लागेल. २००४ साली सीओपीडीच्या पेशंटसाठी बोड नावाचा एक गुणांक आला, त्यात चार गोष्टी एकत्र धरतात: वजन उंचीच्या मानानं किती, फुंकायच्या टेस्टमधे श्वासनळ्या किती अरुंद, रोजच्या कामात दम किती लागतो, आणि सहा मिनिटांत किती चालता. चालण्याचे गुण असे: ३५० आणि वर असेल तर शून्य, २५० ते ३४९ ला एक, १५० ते २४९ ला दोन, त्याच्याखाली तीन. एकूण दहापैकी गुण, आणि जितके कमी तितकं चांगलं. म्हणजे तुमच्या ३४० ला चालण्याचा एक गुण लागला, दहातला एक, बस. एवढ्यानं कुणाच्या आयुष्याचा निकाल लागत नाही. तुम्ही आयुष्यभर मुलांना मार्क दिलेत, एका पेपरच्या एका प्रश्नावरून वर्ष वाया गेलं असं तुम्ही कधी ठरवलं नसणार. शिवाय हा गुणांक सीओपीडीसाठी आहे, तुम्हाला कुठला आजार आहे ते पत्रात लिहिलेलंच नाही. आणि उंची, वय, वजन, बाई की पुरुष यावर चालणं अवलंबून असतं, बुटक्या माणसाचं पाऊल लहान पडतं हे उघड आहे. तुमच्या दोन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा लावा, शेजाऱ्याच्या आकड्याशी नको.

रेल्वे लाईन्समधून: आमच्या जिममधे ट्रेडमिल आहे, एसी पण आहे. त्याच्यावर सहा मिनिटं चाललो तर चालेल का?

व्यायामाला चालेल, टेस्टला नाही. पट्टा माणसाला पळवतो, कॉरिडॉरमधे वेग माणसाचा स्वतःचा असतो. बाहेरच्या देशात फुफ्फुसाच्या गंभीर आजाराच्या पेशंटना दोन्हीकडे चालवून बघितलं तर ट्रेडमिलवर अंतर सरासरी १४ टक्के कमी भरलं. दोन आकडे एकमेकांना लागत नाहीत.

सात रस्त्यावरून एक वाचक: ज्या मुलानं माझी टेस्ट घेतली तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, नुसता मिनिटा मिनिटाला पोपटासारखं एकच वाक्य. बरोबर चालला पण नाही, एका जागी उभा. मी ७१ वर्षांचा माणूस, पडलो असतो तर? एवढा कसला उर्मटपणा?

काका, तो उर्मट नव्हता, तो नियमानं वागत होता. तुम्हाला राग येणं साहजिक आहे कारण त्यानं हे आधी समजावून सांगायला पाहिजे होतं. पूर्ण सहा मिनिटांत फक्त ठरलेली वाक्यं बोलायची असतात, साधारण अशी: छान चाललंय, अजून पाच मिनिटं. असंच चालू ठेवा, अजून चार. अर्धं झालं. शेवटी, आहात तिथेच थांबा. आवाज पण सारखाच ठेवायचा, शेवटच्या मिनिटाला ओरडून चढवायचं नाही. कारण प्रोत्साहन हे इथे औषधासारखं काम करतं. कॅनडातल्या गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली हे मोजलं होतं, काही पेशंटना शांतपणे चालू दिलं आणि काहींना चला चला, छान चाललंय असं म्हटलं तर सहा मिनिटांत साधारण ३० मीटरचा फरक पडला. आठवतं ना वर काय म्हटलं, ३० मीटर म्हणजे खरी सुधारणा. म्हणजे नुसत्या बोलण्यानं एवढा फरक पडतो तर आज बोलायचं आणि पुढच्या वेळी गप्प बसायचं असं करून चालेल का? आणि बरोबर चालत नाहीत कारण बरोबर चाललं की तुम्ही त्याच्या पावलाला पाऊल लावता, मग ती टेस्ट त्या पोराच्या पायांची होते. पडायची भीती असेल तर त्यानं मागे चालावं, पुढे किंवा बरोबरीनं नाही.

इथे मला माझ्या वडिलांचं सांगायचंय. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी त्यांची टेस्ट झाली तेव्हा मी बाहेरगावी होते. भर ओपीडीच्या वेळी, वर्दळीच्या पॅसेजमधे. मधे स्ट्रेचर आलं म्हणून बाबा बाजूला झाले, कुणी वाट विचारली म्हणून थांबले, आणि घेणारा माणूस मोबाईलवर होता, एकही मिनिट त्यानं पुकारलं नाही. २२० मीटर लिहिलं, आणि खाली, व्यायाम झेपणार नाही. बाबांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि त्या दिवसापासून संध्याकाळचं चौकापर्यंत जाणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं बंद करा म्हणून, त्या आकड्यानंच सांगितलं. मी आल्यावर आठ दिवसांनी मोकळ्या कॉरिडॉरमधे दोनदा टेस्ट करून घेतली, चांगला आकडा २६८. औषध तेच, माणूस तोच. मधले ४८ मीटर कुठून आले? ते त्यांच्या छातीत आधीपासूनच होते. मला अजून त्या आठ दिवसांचं वाईट वाटतं. म्हणून काका, गप्प उभ्या राहिलेल्या त्या पोरावर रागावू नका, घड्याळाकडे बघून ठरलेली वाक्यं बोलणारा माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

साखर पेठेतून एक वाचक: मला सहा मिनिटांची नाही, बीप बीप वाजणारी टेस्ट दिली. दोन कोनमधे पळवत होते जवळजवळ. ही कुठली? माझ्यावर प्रयोग तर नाही ना?

अजिबात नाही. ती शटल वॉक टेस्ट, ब्रिटनमधे सॅली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली काढलेली, जगभर वापरतात. यात १० मीटरची फेरी असते आणि वेग तुम्ही नाही, तो बीप ठरवतो. पहिल्या मिनिटात अगदी सावकाश, तीन फेऱ्या. दुसऱ्यात चार, मग पाच, असं दर मिनिटाला एक फेरी वाढत जाते, बाराव्या मिनिटाला चौदा. शेवटपर्यंत गेलात तर १०२ फेऱ्या, १०२० मीटर, पण तिथपर्यंत फुफ्फुसाचे पेशंट सहसा जात नाहीत आणि जायची अपेक्षा पण नसते. बीप वाजला तेव्हा तुम्ही कोनपासून अर्ध्या मीटरपेक्षा लांब असाल किंवा दम पुरत नसेल तर टेस्ट संपली. सहा मिनिटांच्या टेस्टमधे माणूस स्वतः ठरवलेल्या वेगानं चालतो, हिच्यात त्याला हळूहळू वरच्या टोकाला नेतात, म्हणून जास्तीत जास्त ताकद किती ते हिच्यात नीट कळतं. हिची एक बहीण पण आहे, एन्ड्युरन्स शटल, तिच्यात वेग एकच ठेवतात आणि किती वेळ टिकता ते बघतात. रिहॅबचा फायदा तिच्यात फार छान उठून दिसतो, माझ्या हातात असतं तर मी सगळ्यांची तीच घेतली असती.

या टेस्ट अशा हळूहळू घडत आल्यात. १९६८ साली अमेरिकेत कूपर यांनी तगड्या जवानांसाठी १२ मिनिटं पळायची टेस्ट काढली, १९७६ ला ब्रिटनमधे मॅकगेविन आणि मंडळींनी क्रॉनिक ब्राँकायटिसच्या पेशंटना १२ मिनिटं चालायला लावलं, आणि १९८२ ला बटलँड यांनी दाखवलं की दोन, सहा आणि बारा मिनिटं तिन्ही सारखंच सांगतात. बारा मिनिटांत माणूस फार थकतो, दोन मिनिटांत पेशंटपेशंटमधला फरक तेवढा उठून दिसत नाही, म्हणून सहा टिकली.

होटगी रोडवरून एक ताई: माझ्या यजमानांना आयएलडी आहे. बसल्यावर ऑक्सिजन ९६, एकदम छान. टेस्टमधे चौथ्या मिनिटाला ७९ झालं आणि त्यांनी टेस्टच थांबवली. मशीन बिघडलेलं होतं का? ते म्हणतात मला तर एवढा दम पण लागला नव्हता.

ताई, हे पत्र मी दोनदा वाचलं. मशीन चुकू शकतं, हात गार असेल, नखाला रंग असेल, चालताना हात हलत असेल तर आकडा भलता दाखवतं, आणि सावळ्या कातडीवर कधी कधी आहे त्यापेक्षा जास्तच दाखवतं. पण आयएलडीमधे, म्हणजे फुफ्फुसाची जाळी घट्ट होत जाते त्या आजारात, नेमकं हेच होतं. बसल्यावर रक्ताला फुफ्फुसातून जायला भरपूर वेळ मिळतो, ऑक्सिजन भरून घेता येतो. चालायला लागलं की रक्त जोरात धावतं आणि त्या जाड झालेल्या पडद्यातून तेवढ्या वेळात ऑक्सिजन शिरत नाही. म्हणून बसल्यावर ९६ आणि चालल्यावर ७९. ८० च्या खाली गेलं की टेस्ट थांबवायचीच असं ठरलेलं आहे, त्यांनी बरोबर केलं. आणि दम जाणवला नाही म्हणून धोका नाही असं समजू नका, काहींना ऑक्सिजन उतरलेला कळतच नाही, म्हणून तर शेवटी फक्त आकडा बघत नाहीत, शून्य ते दहाच्या बोर्ग पट्टीवर दम किती लागला तेही विचारतात, आणि पूर्ण सहा मिनिटं ऑक्सिमीटर बोटाला लावून सगळ्यात खालचा आकडा लिहितात. आधी आणि नंतर असे दोनच आकडे लिहिलेले रिपोर्ट मला आवडत नाहीत, चौथ्या मिनिटाची दरी त्यात दिसतच नाही.

तर या आठवड्यातच, पुढच्या महिन्यात नाही, हा रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. चालताना ८८ किंवा त्याच्या खाली उतरत असेल तर चालताना लावायचा ऑक्सिजन द्यायचा का याचा विचार ते करतात, आणि ऑक्सिजन लावून परत टेस्ट घेऊन किती लिटरला फरक पडतो ते बघतात. ऑक्सिजन सुरू झाला तर पुढच्या टेस्टला किती लिटर होता आणि सिलेंडर कुणी ओढला, ते स्वतः की तुम्ही, हे पण लिहून घ्या, ओझं ओढत चालणं वेगळं असतं. तोवर त्यांना बाजारातनं पिशव्या आणायला, गच्चीवर टाकी बघायला एकट्यानं पाठवू नका. बाथरूममधे स्टूल ठेवा, अंघोळ बसून करू दे.

दक्षिण सोलापूर तालुक्यातून एक वाचक: कोरोनात घरीच सहा मिनिटं चालून ऑक्सिमीटर बघायला सांगत होते. मग आता टेस्टसाठी शहरात कशाला यायचं, गच्चीवर करतो की.

कोरोनातली ती टेस्ट वेगळ्या कामाची होती, ऑक्सिजन लपून उतरतोय का एवढंच बघायचं होतं, अंतर कुणी मोजत नव्हतं. तेवढ्यासाठी घरी चाललात तर चालेल, पण एकटे असताना नको, आणि ज्याला महिन्याभरात हार्ट अटॅक येऊन गेलाय, छातीत वरचेवर दुखतंय, बसल्या बसल्या नाडी १२० च्या वर आहे त्यानं घरी अजिबात नको. आणि दादा, आपल्या सोलापूरच्या एप्रिल मे मधे गच्चीवर? दुपारी ४२, ४३ डिग्रीला धडधाकट माणसाचा दम निघतो. सकाळी लवकर, घरात किंवा व्हरांड्यात. अंतराचा हिशोब स्वतःपुरता ठेवायचा असेल तर दोरी लावून तेवढीच जागा दरवेळी वापरा. जागाच नसेल तर खुर्चीवरून एका मिनिटात हात न लावता किती वेळा उठता बसता ते मोजा, त्याला एक मिनिटाची सिट टू स्टँड टेस्ट म्हणतात, ती पण मान्य असलेली टेस्ट आहे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची सरकते. औषध बदलायचं, ऑक्सिजन ठरवायचा असं काही असेल तर मात्र शहरात यावंच लागेल.

बाळीवेशीतून एक वाचक: वडील ६८, सीओपीडी. टेस्ट ३८० मीटर, ऑक्सिजन ९१ च्या खाली गेला नाही. गड्डा यात्रेत (सोलापूरची सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) शहरातल्या ६८ लिंगांच्या फेरीला ते तरुणपणापासून चालत आलेत. गेल्या वर्षी डॉक्टरांनी नको म्हटलं तर घरात बसून रडले. यंदा ३८० आलंय म्हणजे पाठवू का? आम्ही त्यांना अडवलो तर ते ऐकणार नाहीत.

हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ३८० आणि ९१, दोन्ही चांगले आहेत, वडिलांना माझ्याकडून सांगा. पण ती टेस्ट सहा मिनिटांची, सपाट फरशीवर, सावलीत, मोकळ्या जागेत. फेरी तासन् तास चालते, गर्दीत, धुळीत, मधेच उभं राहायचं मधेच झपाझप चालायचं, जानेवारीतली थंडी. सहा मिनिटांच्या आकड्यावरून तासांचं ठरवता येत नाही. म्हणून पूर्ण फेरीला मी हो म्हणणार नाही. पण घरात बसवा असंही नाही म्हणणार, बारा महिने औषधं खाऊन, पंप ओढून, रिहॅब करून जर माणसाला आपल्या सिद्धेश्वराच्या काठीबरोबर चार पावलं टाकता येणार नसतील तर हे सगळं आपण कशासाठी करतोय?

असं करा. आतापासून यात्रेपर्यंत रोज सकाळी कंबर तलावाकडे किंवा सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालायला न्या, दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. ३८० म्हणजे मिनिटाला ६३ मीटरचा त्यांचा वेग, सरावात ५० च्या आसपास ठेवा म्हणजे वेळ वाढवता येईल. यात्रेच्या आधी डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. मग फेरीतला घराजवळचा एकच टप्पा निवडा, काठ्या तिथे यायच्या वेळेला गाडीनं पोचा, अर्धा तास बरोबर चाला, पुढच्या ओळखीच्या घरी खुर्ची सांगून ठेवा. कडेनं चालायचं, मधे नाही. खिशात लगेच आराम देणारा पंप, बरोबर घरातलं एक माणूस, तोंडावर मास्क. होम मैदानावर जाणार असाल तर सकाळी लवकर, धूळ उडायच्या आधी, आणि शोभेच्या दारूकामाच्या रात्री मात्र घरीच, तो धूर त्यांना आठ दिवस पुरेल.

आणि त्यांना एक खूण द्या. चालता चालता "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" एका दमात पूर्ण म्हणता आलं तर चालत राहायचं, मधे श्वास घ्यावा लागला तर तिथेच कडेला थांबून हात जोडायचे आणि काठ्या पुढे जाऊ द्यायच्या.